कुलूप न तुटलेली पेटी

मी एक जुनी लोखंडी पेटी आहे, आणि हे मी मान खाली घालून सांगत नाही. माझ्या कोपऱ्यांना ठेचकाळून या घरातल्या तीन पिढ्यांनी मला शिव्या घातल्या आहेत. कुणी मला अडगळ म्हणतं, कुणी भंगार. म्हणोत बापडे. मित्रांनो, मी सिपाही सुखराम मेश्रामची पेटी आहे आणि माझं कुलूप आजवर कुणालाही तोडता आलेलं नाही.

एका छावणीच्या बाजारात मला पत्रा ठोकून बनवलं. सुखराम तेव्हा पलटणीत नवा होता. त्याने मला काळा रंग दिला आणि पांढऱ्या अक्षरांत आपला नंबर, हुद्दा, नाव आणि बाजूला गावाचा पत्ता लिहिला. माझ्या पोटात दोन वर्द्या, बुटांचं पॉलिश आणि कमलाची पत्रं असत. कमला म्हणजे त्याची बायको. हिंदी मुलखातल्या वारासिवनीजवळच्या आमच्या गावात ती गुरुजींकडून पत्र लिहून घ्यायची आणि खाली स्वतःच्या हाताने वेडंवाकडं नाव काढायची.

लग्नानंतरच्या सुट्टीत सुखरामने तिला पलटणीची रीत सांगितली होती. लढाईला जाताना पेटी मागे छावणीत राहते आणि चावी जवानाच्या गळ्यात जाते. जवान परत आला नाही, तर चार जणांसमोर कुलूप तोडतात, सामानाची यादी करतात आणि लाखेची मोहोर लावून पेटी घरी धाडतात. कमलाने ते ऐकलं आणि विषय बदलला. पण विसरली नाही.

एकाहत्तर सालच्या लढाईत सुखरामचा डावा पाय सुरुंगावर पडला. तो कुठल्याशा दवाखान्यात बेशुद्ध, मी छावणीत. पलटण पुढे सरकली आणि घाईत कुणीतरी घरी पाठवायच्या पेट्यांच्या ढिगात मलाही ढकललं. एवढीच ती चूक. मोठी रेल्वेगाडी, मग वारासिवनीची छोटी गाडी, मग बैलगाडी असा प्रवास करून एका दुपारी मी कमलाच्या दारात उतरले.

पेटी एकटी आली याचा अर्थ गावात सगळ्यांना ठाऊक होता. सासूने टाहो फोडला. गल्लीतल्या जुन्या बायका जमल्या. सत्यभामाबाई त्यांच्यात वडीलधारी. तिने कमलाचा हात धरला आणि बांगड्या फोडायला दगड मागवला.

कमला तेव्हा एकोणीस वर्षांची. तिने हात सोडवून घेतला, माझ्याजवळ येऊन बसली आणि माझं कुलूप चाचपलं. मग माझी चारही अंगं पाहिली. मोहोर नव्हती, यादी नव्हती.

"मावशी, कुलूप तुटलं नाई," ती म्हणाली. "माणूस गेला असता त हे तुटलं असतं. चाबी त्याच्या गळ्यात हाय."

"येडी झाली का व पोरी? पेटी आली म्हंजे माणूस गेला."

"पेटीच आली ना? मंग पेटीच ठेवून घेतो. बांगड्या काहून फोडू?"

असं म्हणून ती माझ्यावर बसली.

दिरांनी पहार आणली. आत काय आहे ते बघू, म्हणजे हिची समजूत पटेल, असं त्यांचं म्हणणं. कमला उठलीच नाही. कुलूप तुटलं की सगळे म्हणतील तेच खरं होईल, अशी तिला भीती होती. बावीस दिवस ती दिवसा माझ्यावर बसून धान निवडायची आणि रात्री मला टेकून झोपायची. गेलेल्याच्या नावाने करायच्या पुण्यानुमोदनाचा दिवस ठरला, तेव्हा तिने हात जोडून पाहुण्यांना परत पाठवलं. लोक म्हणाले, निगरगट्ट आहे. मी साधी पत्र्याची, पण त्या बावीस दिवसांत माझी छाती पोलादाची झाली.

तेविसाव्या दिवशी सुखराम कुबड्या घेऊन बैलगाडीतून उतरला. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. अंगात ताप होता. कमला फक्त म्हणाली, "उघडा." त्याने गळ्यातली चावी काढली आणि मला उघडलं. त्यानंतर कमला रडली, बावीस दिवसांचं एकदम.

पुढचं आयुष्य साधं गेलं. लाकडी पाय लावून सुखराम चाळीस वर्षं राइस मिलमध्ये चौकीदारी करत होता. गल्लीतली पोरं त्याच्या चालीची नक्कल करायची. त्याला कुणी कधी हार घातला नाही की व्यासपीठावर बोलावलं नाही. दरवर्षी परत आल्याच्या दिवशी मात्र तो मला रंग द्यायचा आणि कमलासमोर कुलूप उघडायचा. एरवी मी बियाणं सांभाळलं, टीव्ही डोक्यावर घेतला आणि शेवटी मागच्या शेडमध्ये कोंबड्यांच्या शेजारी गेले. पाच वर्षांपूर्वी सुखराम म्हातारा होऊन, आपल्या खाटेवर, आपल्या माणसांत गेला. चावी आता कमलाच्या गळ्यात आहे.

यंदा गावात स्मारकाचं निघालं. ग्रामपंचायतीतला धम्मपाल घरी आला. पेटी शाळेसमोर ठेवायची, हार घालायचा आणि वर लिहायचं 'शहीद सुखराम'.

कमला म्हणाली, "तो त जिवंत आलता."

"काकी, जिवंत आलेल्याचं स्मारक कोन करते? शहीद लिहिलं त मंजुरी भेटते."

मुलगा महेंद्र घुटमळला. जन्मभर बापाला कुणी विचारलं नाही, याचं शल्य त्याच्या मनात होतं. "माय, कसं का होईना, बाबाचं नाव लागंल," तो म्हणाला.

मला धडकी भरली. इतकी वर्षं मी ज्याची साक्ष दिली, तेच आता माझ्याच अंगावर लिहून खोटं ठरवलं जाणार होतं.

कमलाने गळ्यातली चावी मुठीत धरली. मग म्हणाली, "बावीस दिवस या गावानं त्याले मारलं होतं, महेंद्र. मी मरू नाई देल्लं. आता हारासाठी मरू देऊ?"

मंजुरी राहू दे, पण 'शहीद' लिहायचं नाही, असं महेंद्रने धम्मपालला सांगितलं. मग स्वतः शेडमध्ये येऊन त्याने माझ्यावरची कोंबड्यांची घाण धुतली. त्याची मुलगी प्रियंका मराठीपेक्षा हिंदीच जास्त बोलते, पण अक्षर सुरेख काढते. तिने माझ्यावर आजोबांचा नंबर, हुद्दा आणि नाव पुन्हा लिहिलं. खाली आजीने सांगितलेले तीन शब्द लिहिले: 'घरी परत आला'.

पंधरा ऑगस्टला मला शाळेसमोर नेलं. पाहुणे हार घेऊन पुढे आले, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची कमला हळूच आली आणि माझ्यावर बसली, त्या बावीस दिवसांत बसली होती तशीच. हार ठेवायला जागाच उरली नाही.  मग पाहुण्यांनी तो तिच्या हातात दिला.

मित्रांनो, तुमच्याही गल्लीत कुणी लंगडत कामावर जात असेल. त्याची नक्कल करू नका. त्याला आज नमस्कार करा, तो मरायची वाट पाहू नका. आणि माझ्यासारखी पेटी घरात असेल तर ती भंगारात देण्याआधी तिच्यावर कोण बसलं होतं, ते आजीला विचारा.