उलटी फिरलेली गाडी

निमगाव सावा या गावात हौशीरामच्या घरी अकरा दिवस झाले, साळुबाई फक्त शेळीशी बोलत होती. नवऱ्याला काही सांगायचं असलं की ती शेळीकडे तोंड करी. “पारे, जेवाण वाढलंय म्हणावं.” मग हौशीरामही शेळीलाच विचारी, “मीठ कुठाय गं?” शेळी बिचारी दोघांकडे बघून रवंथ करीत राही.

कारण होतं गाडीचं. दोन हजार नऊच्या मार्चअखेरीला हौशीरामने जुनी चारचाकी घेतली. दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांना बोलावून, काळा गॉगल लावून साहेब आत बसले, गिअर टाकला, आणि पुढे जायची ती गाडी मागे गेली. मागे अंगणात लुगड्यावर साळुबाईच्या कुरडया वाळत होत्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, पहाटे उठून घातलेल्या. त्यांचा पार भुगा झाला. तेव्हाच “चुकलं” म्हटलं असतं तर भागलं असतं. पण डोळ्यांवर गॉगल असला की माणसाला चूक दिसते कुठे? तो म्हणाला, “गाडीच उलटी फिरली.”

“तुमी रिव्हर्स टाकला,” साळुबाई म्हणाली.

“तुला काय कळतंय गाडीतलं?” हा गृहस्थ चारचौघांत बोलून गेला. तेव्हापासून साळुबाईचं सगळं बोलणं शेळीच्या वाट्याला आलं.

एवढ्यावर थांबला तर तो हौशीराम कसला! सांगितलेली थाप संध्याकाळपर्यंत त्याला स्वतःलाच पटली. विहिरीवरची मोटार उलटी फिरली की काय करायचं, हे त्याला पाठ होतं. दोन वायरींची अदलाबदल करायची, झालं. त्याने स्टिअरिंगखाली डोकं घातलं. तिथे एक पिवळी आणि एक हिरवी वायर एकमेकींना पीळ घालून चालल्या होत्या. त्याने पीळ सोडला, दोन्ही कापल्या, पिवळीला हिरवी आणि हिरवीला पिवळी जोडली. वर काळी टेप लावली. किल्ली फिरवली, तर मीटरवरचे झाडून सगळे दिवे लागले आणि गाडी चालू व्हायचंच विसरली.

त्यावर त्याने दहा दिवस मूग गिळले. शेवटी बेल्ह्याच्या गॅरेजमधून यशोधरा मेकॅनिकला बोलावलं. ती स्कूटीवरून आली, पेटीतून स्कॅनर काढला, गाडीला जोडला आणि बराच वेळ बघत राहिली.

“काका, गाडीत बारके बारके कॉम्प्युटर असत्यात. इंजिनाचा एक, ब्रेकचा एक, मीटरचा एक. दोन वायरींवरनं ते एकमेकांशी बोलत्यात. तुमच्या गाडीत कुणीच कुणाशी बोलत न्हाई.”

“बरंच करत्यात,” साळुबाई शेळीला म्हणाली.

यशोधराने मीटर लावून वायरी मोजल्या. “साठ ओहम, पायजे तेवढंच. म्हंजे वायरी तुटलेल्या न्हाईत. निरोप जातोय, पर समोरच्याला उलटा पोचतोय. कुणी हात लावला व्हता का हितं?”

“छ्या!” हौशीराम म्हणाला.

ती स्टिअरिंगखाली वाकली, चाचपत गेली आणि काळ्या टेपचं एक जाडजूड गाठोडं ओढून बाहेर काढलं. टेपवर सुतळीचे तीन वेढे होते. विहिरीवरच्या मोटारीच्या प्रत्येक जोडावर अशीच सुतळी होती, तिढा घालून, टोक आत खोचून. निमगावात असली गाठ मारणारा माणूस एकच होता.

साळुबाईने सुतळीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. ती काहीच बोलली नाही, शेळीशीसुद्धा नाही. आता ही शेळीशीही बोलायची थांबली, तर घरात आपल्यासाठी एक शब्द उरणार नाही, या विचाराने हौशीरामला रडूच यायचं बाकी राहिलं.

“पारे,” त्याने खाकरून सुरुवात केली, “तिला सांग, वायरी म्या बदलल्या. आन् त्या दिवशी रिव्हर्सबी म्याच टाकला. गाडी नीट व्हती.”

“काका,” यशोधरा जोड सोडवता सोडवता म्हणाली, “जोडायचंय तर थेट जोडा की. मधी शेळी कशाला?”

हौशीरामने गॉगल काढून खिशात घातला आणि बायकोकडे वळला. “चुकलं माझं. तुला कळत व्हतं. मलाच कळत नव्हतं.”

साळुबाई घरात निघून गेली.

यशोधराने पिवळीला पिवळी, हिरवीला हिरवी जोडली, पुन्हा पीळ घातला आणि स्कॅनर लावला. “बोलायला लागली बघा सगळी. घ्या, मारा किल्ली.”

हौशीराम खाली मान घालून आत बसला. किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं. गाडीचं सगळं गणगोत बोलायला लागलं होतं, आणि त्याला त्याचा कणभर आनंद नव्हता. त्याने उगीच गिअरवर हात ठेवला.

“अहो, थांबा!” साळुबाई हातात सूप घेऊन पळत बाहेर आली. “मागं नव्या कुरडया हायेत, आधी त्या उचलू द्या!”

सवयीने शेळीने मान वर केली. पण निरोप तिच्यासाठी नव्हता. हौशीरामने गाडी बंद केली आणि कुरडया उचलू लागायला खाली उतरला.