एर्मिनिओकाकांच्या पिकअपचा पिवळा दिवा

लुसिंडा बोर्बाने आजवर पुष्कळ गाड्या सुतासारख्या सरळ केल्या होत्या, पण एर्मिनिओकाकांच्या निळ्या पिकअपने तिच्या नाकी नऊ आणले. गाडी नव्व्याण्णव सालची. इंजिन ठणठणीत, ब्रेक ठीक, फक्त चालकासमोरच्या काट्यांशेजारचा पिवळा दिवा लागायचा. पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून टाकी, नळ्या आणि वाफ शोषणारा कोळशाचा डबा असं सगळं बंदिस्त असतं. ते कुठेतरी गळतंय, एवढं गाडीचा कॉम्प्युटर सांगत होता. कुठे गळतंय, याबद्दल मात्र अवाक्षर काढत नव्हता.

लुसिंडाने टाकीचं झाकण बदललं. दिवा विझला आणि दहा दिवसांनी परत लागला. मग चिरलेली रबरी नळी बदलली, इंजिनाकडचा व्हॉल्व्ह बदलला, डब्याजवळचा बदलला. दर वेळी नळ्यांत धूर सोडून ती टॉर्च घेऊन तासभर गाडीखाली पडून राहिली. धूर जराही कुठून बाहेर आला नाही. गस्टिन गावातले डेअरीवाले आता तिच्या गॅरेजवरून जाताना काच खाली करून विचारू लागले, की बाई, काकांच्या गाडीला दृष्ट तर लागली नाही ना. हे लोक स्वतःची गाय आटली तर दोष चाऱ्याला देतात, पण दुसऱ्याची गाडी बिघडली की लगेच मेकॅनिक कच्चा.

थट्टा तिने सोसली असती, पण पुढच्या शुक्रवारी गाडीच्या प्रदूषण चाचणीची मुदत संपत होती. दिवा लागलेला असला तर गाडी नापास, आणि नापास गाडी रस्त्यावर आणायची नाही. काकांची मुलगी लिओनोर हिने ठरवून टाकलं होतं, की या वेळी नापास झाली तर पिकअप भंगारात जाईल आणि दुसरी येणार नाही. एक्याऐंशीव्या वर्षी कुठे जायचंय बाबांना? काकांना तर रोजच जायचं असायचं. पहाटे भावाच्या गोठ्यावर, मग कॉफीला, मग चार मैलांवरच्या बायकोच्या थडग्याशी. गाडी गेली की काका खिडकीत बसणार, हे लुसिंडाला दिसत होतं आणि ते तिला मुळीच सहन होणार नव्हतं.

शनिवारी सकाळी काकांचा फोन आला. दिवा पुन्हा लागलाय, म्हणाले, जरा धुऊनपुसून सोमवारी आणतो. फोन ठेवल्यावर लुसिंडा थबकली. खरंच की, ही गाडी नेहमी नवरदेवासारखी नटून यायची. टायर काळेभोर, काच लख्ख, आणि काका इस्त्रीच्या शर्टात, डोक्यावर हॅट घालून. समुद्रापारच्या बेटांवरून इथे येऊन वसलेली ही म्हातारी माणसं डॉक्टर, पाद्री आणि मेकॅनिक या तिघांकडे अंघोळ केल्याशिवाय जात नाहीत. आजारी गाडी आपण कधी पाहिलीच नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिने काही न कळवता थेट काकांचं अंगण गाठलं.

पिकअप अंगणातल्या जुन्या गोठ्यामागे उभी होती. चाकांना शेण, काचेवर बदामाच्या बागांची धूळ, मागे चाऱ्याच्या गासड्या. आणि पेट्रोलच्या झाकणाला बांधलेली नारिंगी दोरी. गासड्या बांधायची तीच ती. त्या घरात फाटकं, खुर्च्या आणि एके काळी काकांची विजारसुद्धा याच दोरीवर तगून होती.

"काका, हे काय आहे?"

"दोरी."

"ते मलाही दिसतंय. कशाला बांधलीय?"

पेट्रोल भरताना झाकण गाडीच्या टपावर ठेवायचं आणि तसंच निघायचं, अशी काकांनी दोन झाकणं हरवली होती. म्हणून तिसरं, आणि मग लुसिंडाने बदलून दिलेलंही, गाडीला बांधून टाकलं, ते नेमकं झाकणाच्या गळ्याशी, रबरी चकतीच्या खाली. झाकण कितीही आवळलं तरी दोरीच्या जाडीएवढी फट राहत होती. वाफेला आणखी काय हवं?

"मग माझ्याकडे येताना ही दोरी कुठे जायची?"

काका कानापर्यंत लाल झाले. "सोडून ठेवायचो. असलं गबाळं घेऊन तुझ्या दारात येऊ? तुझा बाप काय म्हणाला असता?"

"चार महिने मी तुमच्या गाडीखाली धूर खातेय."

"मग विचारायचं होतंस की, दोरी बांधता का म्हणून."

लुसिंडा गासडीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग काकाही हसू लागले, आधी जरा ओशाळून आणि मग पोट धरून.

दोरी काढून टाकली असती तर म्हाताऱ्याने ती सोमवारी परत बांधली असती. म्हणून लुसिंडाने झाकणाच्या बाहेरच्या मुठीला भोक पाडून तिथे ती ओवली. चकती नवी बसवली, कॉम्प्युटरमधली बिघाडाची नोंद पुसली. आता कॉम्प्युटरला सगळी तपासणी पुन्हा करायची होती, आणि त्यासाठी गाडी रोज गार असताना सुरू करून चालवायला हवी होती, टाकी अर्धी ठेवून. काकांनी हे पथ्य इतक्या भक्तीने पाळलं, की मंगळवारी लिओनोरने गॅरेजमध्ये फोन करून विचारलं, तुम्ही बाबांना नेमकं काय सांगितलंय, ते घरी जेवायलाही येत नाहीत. गुरुवारी लुसिंडाने यंत्र जोडून पाहिलं. तपासणी पुरी, गळती नाही.

शुक्रवारी चाचणी केंद्रावर लिओनोर हजर झाली, ती भंगारवाल्याच्या, गाड्या ओढून नेणाऱ्या ट्रकमधून, हातात सह्या केलेले कागद घेऊन. एवढी खात्री होती तिला. काका हॅट हातात धरून उभे होते. आतून माणूस आला आणि त्याने कागद काकांच्या हाती दिला. पास.

भंगारवाला खांदे उडवून ट्रक घेऊन निघून गेला. लिओनोरने त्याच्या मागे पाहिलं, मग रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं, की आपली गाडी आपण घरीच ठेवून आलो आहोत.

काकांनी शेजारचं दार उघडलं. "बस," ते म्हणाले. "सोडतो तुला घरी."

लिओनोर कागदांची घडी पर्समध्ये टाकून चढून बसली. घर डावीकडे होतं. काकांनी गाडी उजवीकडे वळवली, लांबच्या वाटेला.