इकोतली माझी जागा

अंकिताने मला हे कुणाला सांगू नको म्हणून बजावलं होतं. घडी घालताना माझ्या हँडलजवळ तोंड आणून ती हळूच म्हणाली होती, "तू बोलायचं नाहीस हं." तरी मी बोलतेय. मी घडीची सायकल, बॅटरीवर चालणारी. मधल्या बिजागरीवर दुमडले की एखाद्या मोठ्या सुटकेसएवढी होते.

माझं पहिलं घर पुण्यात होतं. सुहासदादांनी मला मोठ्या हौसेने आणलं. मला गाडीच्या डिकीत घालून कुठंतरी तळ्याकाठी जायचं, तिथं उघडायचं आणि फिरायचं, असा त्यांचा बेत होता. एकदा गेलो आम्ही. नंतर मी गॅलरीत उभी राहिले. माझ्यावर टॉवेल वाळत पडायचे. कबुतरं बसायची. माणसं वस्तू विकत घेतात तेव्हा त्यांना वाटतं की सोबत वेळही मिळेल. तो दुकानात मिळत नाही.

मग सुहासदादांच्या मावसभावाने, राजेशभाऊंनी मला पोलादपूरच्या पुढं, कशेडी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या गावी नेलं. राजेशभाऊ इको गाडी चालवतात. रोज सकाळी पोलादपूरहून कंपनीची माणसं घेऊन महाडच्या एमआयडीसीत सोडतात. त्यांची मुलगी अंकिता अकरावी सायन्सला महाडच्या कॉलेजात. गावची एसटी यायची ती कॉलेज भरल्यावर, आणि इको एमआयडीसीच्या फाट्यावरून आत वळायची. फाट्यापासून कॉलेजपर्यंत अंकिताला मी न्यायचं, असं ठरलं.

राजेशभाऊंनी पहिल्याच दिवशी तिला बजावलं, "हे बघ, गाडीत माणसं हायत. हिच्यापायी कुणाला काय त्रास झाला तर हिची जागा बंद. मग तुझं तू बघ."

तुझं तू बघ म्हणजे कॉलेज बंद. ते तिला कळलं आणि मलाही.

सुरुवातीला मला साखळीची बाजू खाली करून नुसतं आत ढकललेलं असायचं. हायवेच्या खड्ड्यांत माझा ब्रेकचा दांडा वाकला. मग अंकिताने शांतपणे सगळं शिकून घेतलं. आधी बॅटरी काढायची आणि पिशवीत घालून मांडीवर घ्यायची. सीट खाली, हँडल आत, पायडलं दुमडलेली. साखळी वरच्या अंगाला. खाली गोधडीची घडी. जुन्या ट्यूबच्या पट्टीने गाडीच्या सीटच्या पायाला आवळून बांधायचं. तिच्या आईने जुन्या साडीची खोळ शिवली, तिला नाडी लावली, आणि वर म्हणाली, "नवरीसारखी दिसते गो."

गाडीतले लोक मात्र कुरकुर करायचे. सगळ्यात जास्त श्रीपतकाका. त्यांचे गुडघे दुखतात आणि मी नेमकी त्यांच्या पायांजवळ.

"राजेश, तिकीट हिचं पण घेतोस ना रे?"

"तुझ्यापेक्षा गप बसते ती," मुरारी म्हणायचा. तो त्यांच्याच कंपनीत आहे.

अंकिता काही बोलायची नाही. ती इतकी लाजरी की उतरताना "येते" म्हणायचं असलं तरी खिडकीकडे बघून म्हणायची. पण सगळं बघायची. श्रीपतकाका कुठल्या गुडघ्यावर हात ठेवतात ते बघून ती मला रोज दुसऱ्या बाजूला सरकवून बांधायची. ते त्यांच्या लक्षातही आलं नसेल.

आषाढ लागला. आमच्या घराच्या भिंतींना ओल आली. कपडे वाळेनात, काड्यापेटी पेटेना. अंकिताची आई पावसाळ्यात जपायचं ते सगळं चुलीच्या वर टांगलेल्या बांबूच्या फळीवर ठेवते. वालाचं बियाणं, सुकट, मीठ, आगपेट्या. खालून धग आणि धूर लागतो, वर ठेवलेलं खडखडीत राहतं. तिच्या सासरी आणि माहेरी सगळ्यांनी असंच केलं. माझी बॅटरी जमिनीवर चार्ज होताना तिने पाहिली आणि तिचा जीव कळवळला. पोरीची एवढी मोलाची वस्तू ओलीत कशी ठेवायची? रोज रात्री अंकिता झोपली की ती बॅटरी उचलून चुलीवरच्या फळीवर ठेवायची आणि पहाटे पुन्हा खाली आणायची. तिच्याकडे जी सगळ्यात चांगली जागा होती ती तिने दिली. धगीने बॅटरी बिघडते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

एके सकाळी गाडी पोलादपूर सोडून निघाली तसे श्रीपतकाका नाक फेंदारून म्हणाले, "राजेश, सायकलीत सुकट भरलीस का रे?"

सगळे हसले. मुरारी म्हणाला, "कॉलेजातल्या मास्तरांसाठी असेल."

अंकिता हसली नाही. तिने मांडीवरची पिशवी नाकाजवळ नेली. मग आत हात घातला. मला खालून तिचा चेहरा दिसत होता. बॅटरी कोमट होती. एका बाजूने तिचं पोट फुगलं होतं. वास कुठला ते तिला त्याच क्षणी कळलं असणार, कारण घरात तो वास एकाच जागी असतो.

फाटा जवळ आला होता. ती गप्प बसली असती तर थोड्या वेळात आम्ही दोघी खाली उतरलो असतो आणि कुणाला काही कळलं नसतं. माझी जागा राहिली असती. तिचं कॉलेजही.

"पप्पा, गाडी थांबवा."

"आता फाटाच येईल."

"नाही. आत्ता थांबवा. बॅटरी खराब झालीय. पेट घेईल. सगळे उतरा."

ही मुलगी एवढ्या माणसांपुढे बोलली. राजेशभाऊंनी गाडी कडेला घेतली. लोक धडपडत उतरले. समोरच रिकामी पिकअप शेड होती. अंकिताने पिशवी अंगापासून लांब धरून आतल्या मोकळ्या फरशीवर ठेवली आणि मागे आली.

"कुठं ठेवलेली ही?" राजेशभाऊंनी विचारलं.

"चुलीवरच्या फळीवर. मीच ठेवली. ओल लागू नये म्हणून."

राजेशभाऊ तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मी काय सांगितलेलं?"

"जागा बंद," ती म्हणाली. "माहीत आहे."

तेव्हा श्रीपतकाका छत्री उघडत म्हणाले, "जागा बिगा राहू दे रे राजेश. पोरगी बोलली नसती तर आज आपलीच सुकट झाली असती."

"तुझीच कटकट होती ना?" मुरारी म्हणाला.

"कटकट माझी हाय, मी बघून घेईन," श्रीपतकाका म्हणाले. "तुम्ही जा. बॅटरीगाडीवाल्या मिस्त्रीला फोन लावा. तो येईपर्यंत मी हितं बसतो, लांबच. कुणाच्या पोराने खेळायला उचलली तर? आज अर्धा दिवस गेला तर जाऊ दे."

आणि ते खरंच बसले, शेडच्या बाहेर, दुखरा गुडघा चोळत.

फाट्यावर राजेशभाऊंनी स्वतः मला खाली उतरवलं, उघडलं आणि म्हणाले, "बॅटरीशिवाय चालवशील?"

"चालवीन."

मी जड आहे. मोटरीचं ओझं वाहत मला नुसत्या पायांनी चढावर न्यायचं म्हणजे चेष्टा नाही. पण अख्खा श्रावण तिने मला तशीच नेली. संध्याकाळी तिचे पाय ठणकायचे. आईने विचारलं की म्हणायची, "बॅटरी दुरुस्तीला दिलीय." आईच्या हाताने ते झालं, हे आईला कळू द्यायचं नव्हतं. तेच मी सांगायचं नव्हतं.

गणपतीच्या आधी सुहासदादांनी पुण्याहून नवी बॅटरी पाठवली. अंकिता ती घेऊन घरात आली आणि ठेवायची कुठं म्हणून घुटमळली. आई पदराला हात पुसत आली.

"चुलीवर नाय ठेवायची. कळलंय मला."

"कुणी सांगितलं?"

"पप्पांनी. त्याच रात्री. तुला कधी चुलीजवळ बघितलंय कुणी? त्या फळीला तुझा हात तरी पुरतो का? म्हणे, मीच ठेवली."

आईने अंकिताच्या हातातून बॅटरी घेतली आणि लोखंडी कपाट उघडून लग्नाच्या शालूशेजारी ठेवली. "हितं कोरडं हाय आणि धग पण नाय," ती म्हणाली. "चालेल ना? की अजून कायतरी असतं? आता नीट सांग मला." मग दोघी कपाटासमोर बसल्या आणि अंकिताने तिला सगळं सांगितलं, अगदी चार्जरच्या दिव्याचा रंग कधी बदलतो इथपर्यंत.

माझी जागा अजून आहे. श्रीपतकाका आता स्वतः पाय आखडून घेतात आणि कुरकुरतात मात्र पहिल्यासारखेच. मला जे कुणी घरी नेतील त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की मला साखळी वर करून ठेवा, बॅटरी वेगळी ठेवा, आणि घरात जो माणूस मला सगळ्यात जास्त जपतो त्याला माझ्याबद्दल सगळं समजावून सांगा. आणि अंकिताबद्दल एक सांगायचं राहिलं. त्या सकाळी गाडी थांबवा म्हणताना तिचा आवाज मी खालून ऐकला, तो इतका…

"अंकिता, घडी घाल गो तिची," राजेशभाऊंची हाक आली, "श्रीपत पोलादपूरला वाट बघत असेल."