भिवंडीचा रेट

"भिवंडीत राहून मुंबईचा रेट कसला मागतेस?"

प्रोडक्शन मॅनेजर हरेशने हे मला भर सेटवर विचारलं. सगळे कारागीर ऐकत होते.

मी मृणाली, आर्ट डायरेक्टर. पडद्यावर दिसतं ते घर, त्याच्या भिंतीचा पोपडासुद्धा माझ्या डोक्यातून येतो. एका वेबसिरीजसाठी भिवंडीजवळच्या राहनाळला एका गोडाऊनमध्ये मी भिवंडीच्या नारपोलीतलं घर उभं केलं होतं, मागे लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना. तोंडी दीड लाख ठरले होते. सेट उभा राहिला आणि हरेशला भिवंडी आठवली.

"सत्तर हजार देतो. तुला काय अंधेरीचं भाडं आहे? आई जेवायला घालते. सत्तरमध्ये इथे राणीसारखी राहशील."

माझ्या डोक्यात सणक गेली. "भिवंडीची म्हणून प्लायवूडवाला मला कमी लावतो? लॅपटॉपचा हप्ता अर्धा होतो? की सेट मी अर्धं डोकं लावून केलाय?"

"मग राहू दे. सेट तयार आहे. पुढचं अंधेरीचा माणूस बघेल."

"त्याला किती?"

"दीड." लाज नाही, शरम नाही!

खरं सांगते, घराचा हप्ता माझ्याच खात्यातून जातो. 'हो' अगदी जिभेवर आलं होतं. पण आज हो म्हटलं असतं, तर जन्मभर सत्तरचीच राहिले असते.

"बरं," मी म्हटलं, "लाकूड, रंग, पडदे तुमच्या पैशाचे. ते ठेवा. बाकीचं ज्याचं त्याला परत करते."

"बाकीचं म्हणजे?"

मी फोन लावले, आणि हरेश काय काय म्हणाला तेही सांगितलं. तासाभरात कुमारकाका टेम्पो घेऊन हजर. कारखान्यातला तो जुना लूम त्यांचा होता. मागोमाग आमच्या चाळीतल्या बायका आल्या. कोणी पातेली उचलली, कोणी कपाट, कोणी भिंतीवरचे देव. इतके दिवस हरेश "काय खर्च वाचवलास!" म्हणून माझी पाठ थोपटत होता. कसा वाचवला, ते मात्र मेल्याने कधी विचारलं नाही.

शेवटी माझी आई, सीताबाई, तिचा पाटा न्यायला आली. तोवर घराचं नुसतं खोकं उरलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शूटिंग. हरेश तिच्या आडवा आला. "मावशी, हा तरी ठेवा. भाडं देतो, बोला किती?"

"भारं कसलं? तुला कवा दिला मी? पोरीनं मांगला म्हनून दिला."

हरेशने घाम पुसला. माझ्याकडे वळला. "ठीक आहे बाई. दीड."

"सामानाचं भाडं वेगळं, ज्याचं त्याच्या हातात. आणि माझे पैसे आत्ता."

"आत्ता?"

"तोंडी ठरलेलं तू मघाशीच खाल्लंस ना?"

बाहेर कुमारकाकांनी टेम्पो चालू केला. हरेशने मुकाट फोन काढला. माझ्या खात्यात पैसे आल्याचा मेसेज वाजला, तेव्हा मी काकांना हात केला. टेम्पो बंद झाला. लूम परत उतरू लागला.

"झालं ना मनासारखं?" हरेश ओशाळं हसला. "आता ठेवा मावशी तो पाटा."

आईने पाटा होता तिथेच नीट टेकवला, आणि कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली.

"ठेवलाय. पन एक आयक. पोरीला जेवाया मी घालतंय. तुझं पैशे वाचावं म्हनून न्हाय घालत."