दोन भिंतींमधले ठोके

मिलवॉलच्या गोदीत, काठावर, बांधलं जात असलेलं ते जहाज नदीकडे कूस करून उभं होतं. एकात एक ठेवलेल्या दोन पातेल्यांसारख्या त्याला लोखंडाच्या दोन भिंती होत्या. बाहेरची फुटली, तरी आतली पाणी अडवणार. मधल्या फटीत वाकून जेबेझ बसायचा. लालभडक तापलेला रिवेट, म्हणजे पत्रे जोडणारा जाड खिळा, तो भोकातून बाहेर सरकवायचा, मागून घण टेकवायचा आणि पत्र्यावर दोन ठोके द्यायचा. मग बाहेरून सायलस आणि एमस आळीपाळीने हातोडे मारून रिवेटचं टोक चपटं करायचे. तीन ठोके म्हणजे थांबा.

सायलसला ठोके ऐकू येईनासे झाले होते. या कामात कान जातातच, पण बाहेर हातोडा धरणारा बहिरा चालत नाही. म्हणून तो गुडघा पत्र्याला टेकवायचा आणि ठोके गुडघ्याने ओळखायचा. हे फक्त त्याच्या बायकोला, केझायाला ठाऊक होतं. जेबेझ तिचा धाकटा भाऊ.

जानेवारीतल्या त्या सकाळी गुडघा गारठून बधिर झाला होता. आत जेबेझचा घण घसरला. त्याने तीन ठोके दिले. एमस थांबला. सायलसने हातोडा मारला, आणि तापलेला रिवेट आत उडून जेबेझच्या मनगटावर बसला.

मुकादमाने विचारलं, "ठोके दिले होतेस?"

जेबेझने सायलसकडे पाहिलं आणि त्याला ऐकू येत नाही हे ओळखलं. "नाही. विसरलो."

एमसने ठोके ऐकले होते; तो हातोडा पुसू लागला.

संध्याकाळी केझाया भावाला चमच्याने सूप भरवत होती. सायलस तिच्या ओठांकडे बघत समोर बसला होता.

"एकाला कान नाही, एकाला हात नाही," ती म्हणाली. "दोघांचा मिळून एक गडी होतो. जेवायला मात्र दोन."

"ताई, सूप सांडतंय."

"सांडू दे."

जेबेझ सायलसकडे वळून सावकाश बोलला, ओठ नीट दिसावेत म्हणून. "उद्यापासून आत तू बस. आतल्याला ऐकावं लागत नाही. ठोके त्यानेच द्यायचे असतात."

"आत आवाज फार असतो म्हणतात," सायलस म्हणाला.

"तुला काय त्याचं?"

केझाया हसली. मग हसू थांबलं, आणि तिने पाव कापला.

सकाळी सायलस फटीत उतरला. बाहेर एमस होता, सोबत कुणी नवा माणूस. सायलसने रिवेट सरकवला, घण टेकवला, दोन ठोके दिले. पत्रा हादरू लागला. त्याचे दात हादरले, बरगड्या हादरल्या. आवाज कुठेच नव्हता. त्याने पुढचा रिवेट घेतला.