चिंधी बांधलेली पिशवी

मंगलचा प्रोग्रॅम सोमवारी सात मिनिटं चालला आणि जो बसला तो बसलाच. अडेल रेड्यागत.

बेळगावातल्या त्या ऑफिसात मेनफ्रेमचं काम चालतं. मेनफ्रेम म्हणजे एक दांडगं मशीन. ते असतं परदेशातल्या एका विमा कंपनीत, आणि इथली माणसं इथं बसून त्याची देखभाल करतात. त्या एकाच मशीनच्या पोटात पन्नास आभासी मशीनं थाटलेली असतात, आणि गंमत म्हणजे प्रत्येकाला वाटतं, अख्खं घर आपलंच. पण एका छपराखाली राहायचं म्हटलं की निरोप आलेच. या मशीनचे त्या मशीनला निरोप जातात आणि प्रत्येक निरोपाला खुणा लावाव्या लागतात, त्यांना फ्लॅग म्हणतात. हा आधी घे, हा मागाहून घेतलास तरी चालेल, याचं उत्तर धाड, याचं नको. मंगलच्या नव्या प्रोग्रॅममध्ये असे अकरा प्रकारचे निरोप होते.

बुधवारी अकराला दुसरी चाचणी होती, तीच शेवटची. ती फसली तर काम बेंगळुरूच्या टीमकडे जाणार आणि कामामागोमाग मंगलही. नागेंद्र सरांनी हे वाईट वाटून सांगितलं, पण सांगितलं.

मंगलला बेंगळुरूची भीती नव्हती, काळजी होती ती आप्पांची. जांबोटीच्याही पुढं, रानातल्या वाडीत तिचे वडील ज्योतिबाआप्पा एकटे राहत. वय चौऱ्याहत्तर, सोबतीला एक म्हैस. फोनला रेंज यायची ती टेकडीवर चढल्यावर, आणि आप्पांचा गुडघा टेकडीला तयार नव्हता. त्यामुळं बापलेकीचं सगळं बोलणं मारुतीराव ड्रायव्हरच्या बसमधनं चालायचं. पिशवीत तूप यायचं, तांदूळ यायचे, कधी फणस. पिशवीच्या बंदाला निळी चिंधी बांधलेली असली तर आप्पांना उत्तर पाहिजे. चिंधी नसली तर खायचं आणि गप बसायचं.

सोमवारी दुपारच्या गाडीनं मंगलनं चिठ्ठी धाडून आप्पांना खरं काय ते कळवलं होतं. मंगळवारी सकाळी पिशवी आली, ती चिंधीसकट. आत तूप आणि कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेली चिठ्ठी.

‘मंगल, नंदगडचं गिऱ्हाईक गुरुवारी म्हशीला बघाय येतंय. तू जाणार असलीस तर देऊन टाकतो, एवढं तूप खायाला हितं कोण हाय? न्हाय जाणार तर ठेवतो. बुधवारच्या एकच्या गाडीनं कळव.’

मंगलनं चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. अकराची चाचणी झाल्याशिवाय उत्तर तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. तिला रडू आलं, ते तिनं चहाबरोबर गिळलं.

शेजारी त्रिशलाआक्का बसायची. निपाणीची, वयानं आणि हुद्द्यानं मोठी, जीभ तिखट पण मन साफ. तिनं मंगलच्या अकरा निरोपांची यादी वर-खाली बघितली आणि कपाळाला हात लावला.

“अगं, अकराच्या अकरांना उत्तर पाहिजे म्हणून खूण लावलीस? तुझं मशीन म्हणजे लग्नातला यजमान झालंय. दिसेल त्याला धरतंय, ऊट आयता, ऊट आयता, जेवण झालं का म्हणून, आणि वाढप तसंच ऱ्हातंय.”

“उत्तर न मागणं बरं दिसत न्हाय, आक्का,” मंगल म्हणाली. खरंच तिनं तसंच केलं होतं. आमच्याकडं निरोप देऊन पाठ फिरवली तर माणूस आठवडाभर रुसतं. तेच वळण तिनं मशीनला लावलं होतं.

“एका वाटेवर दहाच निरोप उत्तरासाठी खोळंबून ऱ्हाऊ शकतात. गर्दी झाली की पुढच्याला जागा न्हाय. सात मिनिटांत अडकलं ते हितंच. सगळ्या खुणा काढून टाक, सुटलीस.” मग तिचं लक्ष टेबलावरच्या पिशवीकडं गेलं. “ही चिंधी कसली गं?”

मंगलनं सांगितलं.

“मग तुझे आप्पा रोजच का बांधत न्हाईत?”

“आप्पा म्हणतात, ज्याच्या उत्तराबिगर आपला हात अडतोय, त्यालाच चिंधी. तूप पोचलं का न्हाय ते काय, गाडी परत गेली की मारुतीमामाच सांगतात.”

बोलता बोलता मंगल थांबली. निरोप पोचला एवढं तर यंत्रणा आपणहून कळवतेच. मग त्यासाठी वेगळं उत्तर कशाला मागायचं? ती यादी पुढं ओढून एकेक निरोप विचारत गेली, बाबा, तुझ्या उत्तराबिगर माझा हात अडतोय का? नऊ जणांनी नाही म्हटलं. दोनच उरले. ‘हा दावा मंजूर करू का’ आणि ‘आता बंद होऊ का’. या दोघांची खूण तिनं राखली, आक्काचं न ऐकता.

बुधवारी अकराला चाचणी सुरू झाली. सातवं मिनिट आलं तसं मंगलनं निळी चिंधी मुठीत धरली. आठवं आलं, विसावं आलं. चाळीस मिनिटांनी नागेंद्र सर खुर्ची मागं सारून उठले. “काम बेळगावातच राहणार. मी तसं कळवतो,” ते म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले.

त्रिशलाआक्कानं स्कूटर काढली. एकला पाच मिनिटं असताना दोघी स्टँडवर. मंगलनं तुपाच्या रिकाम्या डब्यात दोनच शब्दांची चिठ्ठी घातली, ‘म्हस ठेवा’, आणि पिशवी मारुतीरावांच्या हातात दिली.

“गुरुवारच्या आत पोचाय पाहिजे, मामा. नंदगडचं गिऱ्हाईक यायचंय म्हशीला.”

“कुठलं गिऱ्हाईक?” मारुतीरावांनी मिशीवरनं हात फिरवला. “काल तर आप्पा जांबोटीच्या दुकानातनं म्हशीला नवं दावं घेऊन माझ्याच गाडीनं घरला गेले. इकणारा माणूस दावं घेतोय व्हय?”

त्रिशलाआक्का फिसकन हसली. मंगलला हसूही आलं आणि डोळेही भरले. म्हातारा लई लबाड. तू राहतेस का, असं सरळ विचारलं असतं तर लेकीच्या पायात बेडी पडली असती, म्हणून म्हैस पुढं केली होती.

“थांबा मामा, एक मिनिट.”

गाडी सुरू झाली होती. कंडक्टरनं दोनदा शिट्टी मारली. मंगलनं पिशवी परत घेऊन डबा उघडला, चिठ्ठी काढली आणि गुडघ्यावर धरून खाली लिहिलं, ‘आप्पा, मी कुठंच जात न्हाय.’ मग पिशवीचा बंद आवळला आणि त्याला चिंधी न बांधता ती मारुतीरावांकडं दिली.