लाम्ब्रेनाचं मत

ग्रीसमधल्या आमच्या डोंगरातल्या गावांत लग्न होऊन येताना बायका नाव माहेरीच ठेवून येतात. नवरा लाम्ब्रोस, तर बायको लाम्ब्रेना. माझा नवरा स्टेर्योस, म्हणून मी स्टेर्येना. छप्पन्न सालच्या फेब्रुवारीत गावातल्या बायका पहिल्यांदाच संसदेसाठी मत द्यायला निघाल्या, आणि ही रीत अंगाशी आली.

शाळेतल्या रांगेत लाम्ब्रेना माझ्या पुढे होती. तिचा मुलगा सरकारविरोधी म्हणून सात वर्षं बेटावर हद्दपार. त्याच्यासाठी म्हणून ती बर्फ तुडवत आली होती. मतदान घ्यायला शहरातून आलेल्या तरुण वकिलाने तिची मतदार-पुस्तिका उघडली.

"नाव?"

"लाम्ब्रेना," ती सवयीने बोलून गेली.

"इथे तर वेगळंच लिहिलंय."

सरकारी पक्षाचा कोसमास टपूनच बसला होता. ही कुणाला मत देणार, ते त्याला चांगलं ठाऊक होतं. "साहेब, अख्खं गाव हिला लाम्ब्रेना म्हणतं. पुस्तिका दुसरीचीच असणार. पाठवा परत!"

वकिलाने पुस्तिका मिटली आणि अंगणात विडी ओढत बसलेल्या लाम्ब्रोसला आत बोलावलं. "तुमच्या बायकोचं बाप्तिस्म्याचं नाव काय?"

लाम्ब्रोस नुसता टोपी फिरवत राहिला. चाळीस वर्षं गड्याने 'अगं'वर भागवलं होतं! मला असा संताप आला, की ती टोपीच हिसकावून घ्यावी.

लाम्ब्रेना मात्र टेबलाकडे बघत होती. "कोसमास, हे मतपेटीखालचं कापड कुणाचं रे?"

"तुझंच की! शोभेला म्हणून सकाळी मीच नाही का मागून आणलं?"

"मी कधी विणलं, तेही सांग साहेबांना."

"लग्नाआधी. तिच्या रुखवतातलं आहे, साहेब. असं काम पंचक्रोशीत नाही," कोसमास ऐटीत म्हणाला.

"मग साहेब, पेटीखालचा तो कोपरा जरा उलटा."

वकिलाने उलटला. लाल सुतात विणलेलं होतं: गारिफालिया, १९१५. त्याने पुस्तिका उघडून शेजारी धरली, आणि हसून सगळ्या पक्षांच्या मतपत्रिका आणि एक पाकीट तिच्या हातात दिलं. कोसमासचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. रांगेतल्या बायकांनी असा गलका केला, की खिडक्या हादरल्या.

पाकीट पेटीत पडलं.

"पुढची. नाव?"

"झोइत्सा!" मी ओरडलेच. माझ्यामागे आणखी तेवीस जणी आपापलं नाव ओरडल्या.

बाहेर आलो तर लाम्ब्रोस बायकोची वाट बघत उभा. "अगं, चल घरी."

ती ताठ मानेने पुढे चालू लागली.

"अगं ए!"

ती थांबली नाही. आम्ही सगळ्याजणी तिच्या मागोमाग. अख्ख्या चौकासमोर म्हाताऱ्याने घसा खाकरला.

"गारिफालिया!"

ती वळली. "बोला," ती म्हणाली, "कधीची ऐकतेय."